कोटिंगमुळे धातूची ताकद वाढते की घटते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुटलेला पार्ट घेऊन आलेला माणूस आधी मटेरियलचं सर्टिफिकेट पुढे करतो, मग हीट ट्रीटमेंटचा चार्ट. "कोटिंग कोणतं होतं आणि ते चढवलं कसं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "साधंच हो, गंजू नये म्हणून." हे पान त्या "साधंच"बद्दल आहे. टेस्टिंगच्या कामात जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात तेच इथे घेतलेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

कोटिंग केल्यावर पार्ट मजबूत होतो का?

मजबूत म्हणजे काय, ते आधी ठरवू. एका दमात ओढून तोडायचा असेल तर पातळ कोटिंगने जवळपास काहीच बदलत नाही. २ मिमी जाडीची पट्टी घ्या, दोन्ही बाजूंना २० मायक्रॉनचा थर द्या. कोटिंगचा वाटा झाला जाडीच्या २ टक्के. थर मूळ धातूइतकाच ताठ आहे असं धरलं, तर ओढताना पट्टीचा ताठपणा २ टक्क्यांनीच वाढेल.

तीच पट्टी वाकवा. आता ताठपणा सुमारे ६ टक्क्यांनी वाढलेला दिसेल. वाकताना सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावर येतो आणि मधला भाग जवळजवळ बसून असतो, म्हणून बाहेरच्या थराला तिप्पट मान मिळतो. पण हे दुधारी आहे. पृष्ठभागावर काही बिघडलं, तर तेही नेमकं सगळ्यात जास्त ताणाच्या जागी बिघडतं.

घासून झिजणं, ओरखडे, गंज यांच्यासाठी विचारत असाल, तर हो, फायदा आहे. वारंवार येणाऱ्या लोडखाली (म्हणजे फटीगमध्ये) पार्ट किती फेरे टिकेल असं विचारत असाल, तर पुढे वाचा, कारण तिथे बरेचदा उलट घडतं.

फटीगवर परिणाम का होतो? थर तर केसाहून पातळ असतो.

फटीगची चीर बहुतेक वेळा पृष्ठभागावरच जन्म घेते. गुळगुळीत, निर्दोष पार्टच्या आयुष्याचा मोठा भाग ही पहिली बारीक चीर तयार होण्यातच जातो. एकदा ती झाली की पुढचा प्रवास त्या मानाने झटपट होतो.

आता त्या पृष्ठभागावर कठीण पण ठिसूळ थर बसवला. खालचा धातू थोडा ताणला तरी निभावून नेतो, थराला ते जमत नाही, तो तडकतो. थरातली चीर खाली उतरते आणि धातूच्या तोंडाशी येऊन थांबते. धातूच्या दृष्टीने ही आयती खाच झाली, थराच्या जाडीइतकी खोल आणि टोकाला सुरीसारखी धारदार. जी चीर तयार व्हायला लाखो फेरे लागले असते, ती पहिल्या काही फेऱ्यांतच हजर!

थर आणि धातू यांची पकड कमजोर असेल, तर चीर कधी कधी आत न शिरता दोघांच्या मधून आडवी पळते. थराचा पोपडा निघतो, पण पार्ट वाचतो. म्हणजे चांगली पकड ही दर वेळी चांगलीच बातमी असते असं नाही. हे पटायला मलाही वेळ लागला होता.

हार्ड ॲनोडायझिंगने ॲल्युमिनियम कमजोर होतं, हे खरं का?

फटीगपुरतं बोलायचं तर हो. विशेषतः ७०७५ आणि २०२४ यांसारख्या जास्त ताकदीच्या मिश्रधातूंमध्ये.

ॲनोडायझिंग हा वरून लावलेला थर नाही. मूळ धातूच ऑक्साइड होतो. हार्ड ॲनोडायझिंगमध्ये ५० मायक्रॉनचा थर आला, तर साधारण २५ मायक्रॉन तो बाहेर वाढलेला असतो आणि २५ मायक्रॉन आत शिरलेला. म्हणजे तेवढा भार पेलणारा धातू गेला आणि त्या जागी चिनीमातीच्या जातकुळीचा पदार्थ आला. हा पदार्थ एक टक्का ताणण्याच्या आतच तडकतो. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम जितकं प्रसरण पावतं, त्याच्या मानाने ऑक्साइड फारच कमी. त्यामुळे लोड नसतानाही, नुसत्या उष्णतेने थरावर चिरांचं जाळं उमटू शकतं.

दुसरं कारण कमी चर्चेत येतं. थर चढवण्याआधी पार्ट कॉस्टिकमध्ये आणि ॲसिडमध्ये बुडवून साफ करतात. मिश्रधातूत तांबं आणि लोह असलेले बारीक कण असतात. त्यांच्याभोवतीचा धातू आधी खाल्ला जातो आणि खड्डे पडतात. फटीगमधलं नुकसान थरामुळे झालं म्हणून खापर फुटतं, पण त्यातला काही वाटा या आधीच्या धुलाईचा असतो.

आणखी एक: थर पृष्ठभागाशी काटकोनात वाढतो. बाहेरच्या धारदार कोपऱ्यावर दोन बाजूंचे थर दोन दिशांना वाढतात आणि मध्ये फट राहते. ड्रॉइंगवर कोपऱ्याला गोलाई द्या. फटीगचा पार्ट असेल आणि घर्षणाचा त्रास नसेल, तर हार्डऐवजी पातळ ॲनोडायझिंग पुरतं.

हार्ड क्रोमचं काय?

क्रोमचं काठिण्य साधारण ८०० ते १००० व्हिकर्स (काठिण्याचं माप) भरतं आणि झिजेसमोर ते उत्तम टिकतं. पण मायक्रोस्कोपखाली पाहिलंत, तर सुकलेल्या तळ्याच्या तळासारखी चिरांची जाळी दिसते. हा कामातला दोष नव्हे. थर जमताना तो आकसतो, आत खेचीचा ताण साठतो, ताण सहन झाला नाही की थर तडकतो, त्यावर पुन्हा नवा थर बसतो, तोही तडकतो. या चिरांमध्ये तेल धरून राहतं, म्हणून सिलिंडर-पिस्टनवाल्यांना त्या हव्याच असतात. विमानाच्या लँडिंग गिअरमधल्या ४३४० जातीच्या जास्त ताकदीच्या स्टीलला मात्र त्या नकोत.

म्हणूनच लँडिंग गिअरच्या कामात टंगस्टन कार्बाइड, कोबाल्ट आणि क्रोमियम यांचा एचव्हीओएफ पद्धतीने, म्हणजे वेगवान ज्वालेतून, फवारलेला थर क्रोमच्या जागी आला. कण प्रचंड वेगाने येऊन आदळतात, त्या माऱ्यामुळे थरात बऱ्याचदा दाबाचा ताण राहतो आणि फटीगचं नुकसान कमी होतं. बदलाला दुसरं कारणही होतं. क्रोम बाथमधलं षट्संयोजी क्रोमियम कर्करोगकारक आहे.

हा "थरातला ताण" म्हणजे नेमकं काय? बाहेरून लोड नसताना ताण कुठून येतो?

थर जमताना आकसायला किंवा पसरायला बघतो, पण खालचा धातू त्याला हलू देत नाही. या ओढाताणीतून उरतो तो अवशिष्ट ताण. डोळ्यांनी पाहायचा असेल, तर पातळ स्टीलची पट्टी घ्या आणि फक्त एका बाजूला निकेल प्लेटिंग करा. पट्टी धनुष्यासारखी वाकते. जॉर्ज स्टोनी यांनी १९०९ मध्ये हेच केलं आणि वाक मोजून ताण काढायचं सूत्र मांडलं. आजही प्लेटिंग बाथ तपासताना तीच कल्पना वापरतात.

थर आतल्या बाजूला येऊन पट्टी वाटीसारखी झाली तर थरात खेच, थर बाहेरच्या फुगवट्यावर राहिला तर दाब. फटीगसाठी दाब चांगला, कारण तो चिरेचं तोंड मिटवून धरतो. पण दाबही अति झाला की थर खालच्या धातूपासून सुटून फुगतो, फोड येतात.

निकेलच्या बाथमध्ये सॅकरीन घालतात. गोडी आणणारं तेच सॅकरीन. त्याने खेच कमी होते, आणि प्रमाण वाढवलं तर ती दाबाकडेही झुकते. इलेक्ट्रोलेस (करंटशिवाय चढणाऱ्या) निकेलमध्ये हीच किल्ली फॉस्फरसच्या हाती असते. फॉस्फरस भरपूर असलेला थर बहुधा दाबात राहतो. मात्र काठिण्य वाढवायला तो ४०० अंश सेल्सिअसला तापवला, तर ५००-६०० व्हिकर्सचा थर ९०० च्या वर जातो, पण आकसतो आणि तडकूही शकतो. काठिण्य मिळालं, फटीग गेलं.

प्लेटिंग केलेला बोल्ट कसल्यावर काही तासांनी आपोआप तुटला. मटेरियल खराब होतं का?

बहुतेक नाही. हा हायड्रोजनचा उद्योग दिसतो.

असा एक बोल्ट मी हातात घेतलेला आहे. १२.९ ग्रेडचा, म्हणजे फार जास्त ताकदीचा सॉकेट हेड स्क्रू, वर झिंक प्लेटिंग. संध्याकाळी टॉर्क रेंचने बरोबर कसला होता, सकाळी डोकं जमिनीवर पडलेलं. रात्रभर मशीन बंदच होतं. तुटलेल्या तोंडावर ना मान बारीक झालेली, ना लांबण्याची खूण. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर धातूचे कण एकमेकांपासून सुटे सुटे झालेले, दाणेदार. चीर कणांच्या सीमांवरून गेलेली. मटेरियलचा रिपोर्ट मात्र चोख होता, त्यामुळे आधी तासभर वाद घालण्यात गेला.

घडतं ते असं. गंज काढायला पार्ट ॲसिडमध्ये बुडवतात, तिथे हायड्रोजन सुटतो. मग प्लेटिंगचा करंट सुरू झाला की पार्टच्या पृष्ठभागावर धातूबरोबर हायड्रोजनही जमतो. हार्ड क्रोममध्ये तर करंटचा साधारण १० ते २० टक्केच भाग क्रोम बसवण्यात जातो, उरलेल्यातला मोठा वाटा हायड्रोजन बनवतो. हायड्रोजनचा अणू इतका लहान की स्टीलमध्ये सहज शिरतो. बोल्ट कसला की तो सगळ्यात जास्त ताणलेल्या जागी, म्हणजे डोक्याखालच्या कोपऱ्यात किंवा पहिल्या आट्याच्या तळाशी, हळूहळू गोळा होतो. या गोळा होण्याला वेळ लागतो, म्हणून बोल्ट लगेच न तुटता रात्री कधीतरी तुटतो. ॲसिडमुळे लोखंड ठिसूळ होतं आणि काही काळाने पुन्हा सुधारतं, हे विल्यम जॉन्सन यांनी १८७५ मध्येच नोंदवलं होतं.

सगळ्याच बोल्टना हा धोका नाही. त्याहून कमी ताकदीचा ८.८ ग्रेड साधारणपणे निर्धास्त वापरता येतो. काठिण्य सुमारे ३९० व्हिकर्सच्या पुढे गेलं की काळजी सुरू होते, आणि १२.९ नेमका त्याच पट्ट्यात बसतो.

मग बेकिंग केलं की प्रश्न मिटला?

वेळेत आणि पुरेसं केलं तर बराचसा. प्लेटिंगनंतर जास्तीत जास्त चार तासांच्या आत, शक्यतो तासाभरातच, पार्ट १९० ते २२० अंशांच्या भट्टीत जायला हवा आणि तिथे कित्येक तास राहायला हवा. स्टील जितकं कठीण, तितके तास जास्त. "उद्या सकाळी भट्टी लावू" इथे चालत नाही, कारण तोवर आत बारीक चिरा पडल्या असतील तर बेकिंग त्या सांधत नाही.

अडचण अशी की झिंकचा थर स्वतःच हायड्रोजनला बाहेर जाऊ देत नाही. झाकण लावून वाफ काढण्यातला प्रकार. म्हणून दोन-तीन तासांचं बेकिंग कागदावर बरं दिसतं, प्रत्यक्षात कमी पडतं.

क्रमही सांभाळा. आधी प्लेटिंग, मग बेकिंग, मग पॅसिव्हेशन. पिवळं क्रोमेट पॅसिव्हेशन आधी करून मग भट्टीत घातलं, तर त्या उष्णतेने ते निकामी होतं आणि गंजरोधक म्हणून ते करण्याचा उद्देशच जातो.

माझं मत विचाराल तर १२.९ ला इलेक्ट्रोप्लेटिंग करूच नये. झिंक फ्लेक कोटिंग बुडवून-भाजून चढतं, त्यात करंट नाही. साफसफाई ॲसिडऐवजी शॉट ब्लास्टिंगने केली की हायड्रोजनचा मार्गच बंद होतो.

कोटिंगच्या उष्णतेने खालचा धातू बिघडतो का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि विचारायला सगळ्यांनी हवा. थर दोन मायक्रॉनचा असो की दोनशेचा, भट्टीत पार्ट मात्र पूर्ण जातो.

टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर पीव्हीडी (निर्वातात वाफेतून थर जमवण्याच्या) पद्धतीने साधारण ४०० ते ५०० अंशांवर चढतो. हायस्पीड स्टीलचा ड्रिल आधीच ५५० अंशांच्या आसपास टेंपर केलेला (कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवलेला) असतो, त्यामुळे त्याला काही होत नाही. बेअरिंगचं ५२१०० स्टील मात्र १५० ते २०० अंशांवर टेंपर केलेलं असतं. त्यावर हेच कोटिंग केलं, तर वरचा थर झळझळीत आणि आतलं स्टील मऊ. बाहेरून पाहून कोणालाही कळणार नाही. सीव्हीडीचं (वायूंच्या रासायनिक क्रियेतून थर जमवण्याचं) तापमान तर हजार अंशांच्या घरात जातं. तिथे कार्बाइडची टूल टिकतात, स्टील असेल तर पुन्हा हार्डन करावं लागतं.

पावडर कोटिंगलाही लोक "रंगच तर आहे" म्हणून सोडून देतात. पावडर भाजायला सामान्यतः १८० ते २०० अंश, दहा-वीस मिनिटं लागतात. ६०६१-टी६ ला त्याने फारसा फरक पडत नाही, कारण त्याचं एजिंगच (ताकद आणण्यासाठीचं मंद तापवणं) १६०-१७५ अंशांवर कित्येक तास झालेलं असतं. ७०७५-टी६ चं एजिंग होतं १२० अंशांवर. ते २०० अंशांच्या भट्टीत गेलं की ओव्हरएजिंग सुरू होतं आणि ताकद उतरते. रंगात खोट निघाली म्हणून पार्ट पुन्हा रंगवला, तर भट्टीची दुसरी फेरी, आणखी उतार.

उलटं उदाहरणही सांगतो, नाहीतर भट्टी म्हणजे खलनायक असं वाटेल. मोटारीच्या दारांसाठी, बॉनेटसाठी बेक हार्डनिंग स्टील वापरतात. प्रेसमध्ये आकार देताना ते मऊ असतं, म्हणून नीट वळतं. पुढे रंगाच्या भट्टीत साधारण १७० अंशांवर वीस मिनिटं राहिलं की आतले कार्बनचे अणू सरकून धातूतल्या डिसलोकेशन (अणूंच्या रांगांमधले सरकते दोष) जखडून टाकतात आणि यील्ड स्ट्रेंग्थ (धातू कायमचा वाकू लागतो तो ताण) ३० मेगापास्कल किंवा त्याहून जास्त वाढते. दाराला पोचा लवकर पडत नाही, त्याचं थोडं श्रेय रंगाच्या भट्टीला.

हॉट डिप गॅल्व्हनायझिंगने स्ट्रक्चरल स्टील कमजोर होतं का?

साध्या कमी कार्बनच्या स्टीलची ओढून तोडण्याची ताकद जवळजवळ तशीच राहते. बाथ ४५० अंशांच्या आसपास असतो (जस्त ४१९.५ अंशांना वितळतं) आणि पार्ट त्यात काही मिनिटंच असतो.

थराची रचना मजेशीर आहे. सगळ्यात वर शुद्ध जस्त, सुमारे ७० व्हिकर्सचं मऊ. त्याखाली लोखंड आणि जस्त यांच्या संयुगांचे पापुद्रे. त्यातल्या डेल्टा थराचं काठिण्य २४० च्या आसपास, म्हणजे खालच्या १६० च्या स्टीलपेक्षा जास्त. मऊ बाहेर, कठीण आत. म्हणून वाहतुकीतल्या ठोकाठोकीत वरचं जस्त धक्का खातं आणि आतला थर ओरखड्यांना दाद देत नाही.

सांभाळायच्या जागा तीन. गॅल्व्हनायझिंगआधी थंड स्थितीत फार तीव्र वाकवलेला भाग असेल, तर बाथच्या उष्णतेने स्ट्रेन एजिंग होऊन तो ठिसूळ होऊ शकतो. वेल्डिंगचा बराच ताण शिल्लक असलेल्या जाड फॅब्रिकेशनमध्ये वितळलेलं जस्त कणांच्या सीमांमधून शिरून चिरा पाडू शकतं. आणि स्टीलमध्ये सिलिकॉन साधारण ०.०४ ते ०.१२ टक्क्यांच्या पट्ट्यात असेल, तर संयुगांचे थर बेसुमार वाढतात. कोटिंग जाड, काळपट आणि ठिसूळ येतं, धक्क्याने पापुद्रे सुटतात. ऑर्डर देताना सिलिकॉनची टक्केवारी विचारणं हा दोन मिनिटांचा फोन असतो.

टॉर्क तोच ठेवला, कोटिंग बदललं. एवढ्याने काय होणार?

बरंच. टॉर्कमधला बहुतेक भाग घर्षणात जातो, बोल्ट ताणण्यासाठी थोडाच उरतो. आणि कोटिंग बदललं की घर्षण बदलतं.

एम१२, ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या, ८० न्यूटन-मीटरने कसा. नेहमीचा नट फॅक्टर (घर्षणाचा हिशेब धरणारा आकडा) ०.२० धरला, तर बोल्टमध्ये ३३ किलोन्यूटन खेच येते. वंगण मिसळलेल्या कोटिंगमुळे फॅक्टर ०.१४ झाला, तर तीच खेच ४७.६ वर जाते. या बोल्टचं प्रूफ लोड (कायमचा न लांबता पेलता येणारा भार) ४८.९ आहे, म्हणजे काठावर. फॅक्टर ०.१२ झाला की ५५.६, बोल्ट कायमचा लांबला. उलट कोरड्या, खरबरीत गॅल्व्हनाइज्ड आट्यांवर फॅक्टर ०.२५ झाला, तर २६.७ वरच थांबला. जोड ढिला, आणि ढिला जोड फटीगमध्ये बोल्टला मारतो.

टॉर्क चार्टवर कोटिंगचं नाव नसेल, तर त्या चार्टवर विसंबू नका.

कोटिंग जितकं कठीण तितकं चांगलं, बरोबर ना?

नाही. गादीवर काचेचा पातळ तुकडा ठेवा आणि अंगठ्याने दाबा. काच कितीही कठीण असली तरी गादी दबते आणि काच फुटते. मऊ ॲल्युमिनियमवर थेट टायटॅनियम नायट्राइड लावलं की असंच होतं. म्हणून स्टीलमध्ये आधी नायट्रायडिंग करून खालचा भाग कठीण करतात आणि त्यावर पीव्हीडी चढवतात. काठिण्य एकदम न बदलता पायरीपायरीने बदलायला हवं.

काठिण्याचे आकडेही जपून वाचा. ३ मायक्रॉनच्या, २३०० व्हिकर्सच्या थरावर १ किलोचं वजन ठेवून छाप घेतली, तर ती थर संपवून खाली गेलेली असते. नियम असा की छापेची खोली थराच्या जाडीच्या एक दशांशाच्या आत हवी. इथे म्हणजे ०.३ मायक्रॉन. १० ग्रॅमलासुद्धा छाप ०.४ पर्यंत जाते. त्यासाठी नॅनोइंडेंटेशन (अतिसूक्ष्म छाप घेण्याची पद्धत) लागतं. रिपोर्टवर वापरलेलं वजन लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

आणि जितकं जाड तितकं टिकाऊ?

गंजासाठी, बऱ्याचदा हो. तडकण्या-सुटण्याच्या बाबतीत उलट. थरात साठलेली, चिरेला पुढे ढकलणारी ऊर्जा जाडीच्या प्रमाणात वाढते. ताण तोच असताना जाडी दुप्पट केली की ही ऊर्जाही दुप्पट.

काही अणूंच्या जाडीचा ऑक्साइडसुद्धा धातूची ताकद बदलतो, असं ऐकलंय.

अगदी छोट्या नमुन्यांत बदलतो. आर. रॉस्को यांनी १९३४ मध्ये दाखवलं की कॅडमियमच्या एकस्फटिकी तारेवर अत्यंत पातळ ऑक्साइड असला, तरी ती वाकवायला जास्त जोर लागतो. धातू वाकतो तो आतल्या डिसलोकेशन सरकत पृष्ठभागातून बाहेर पडतात म्हणून. ऑक्साइडने दार लावून घेतलं की त्या आत तुंबतात. योगायोग असा की डिसलोकेशनची कल्पना धातूंच्या वाकण्यासाठी मांडली गेली तीही १९३४ मध्येच. तुमच्या २० मिमीच्या शाफ्टला याचा काही उपयोग नाही.

टर्बाइनच्या पात्यांवरच्या कोटिंगचं गणित वेगळं असतं का?

वेगळं आणि जास्त अवघड. निकेलच्या सुपरॲलॉयचं पातं, त्यावर ॲल्युमिनियमयुक्त बाँड कोट (पकड देणारा मधला थर), त्यावर ७-८ टक्के यिट्रिया घातलेल्या झिर्कोनियाचा थर. झिर्कोनिया उष्णता अडवतो. बाँड कोटवर हळूहळू ॲल्युमिनाचा पापुद्रा वाढतो आणि तो ऑक्सिजन अडवतो. चौघांचं प्रसरण वेगवेगळं, आणि इंजिन प्रत्येक वेळी सुरू-बंद झालं की चौघांची झटापट. ॲल्युमिना एका मर्यादेपलीकडे जाड झाला की वरचा थर सुटतो.

खालच्या धातूलाही किंमत मोजावी लागते. प्लॅटिनम ॲल्युमिनाइडसारखा बाँड कोट कित्येकशे अंशांपर्यंत ठिसूळच असतो, त्याच्या वर गेला की मऊ पडतो. पातं गार असताना ताण आला, तर तो तडकतो आणि चीर पात्यात उतरते. शिवाय बाँड कोट आणि पातं यांच्यात अणूंची देवाणघेवाण चालूच असते. पात्याची भिंत पातळ असेल, तर या देवाणघेवाणीत भार पेलणारा भाग कमी होत जातो.

एवढे तोटे असतील तर कोटिंगच नको, असं का नाही?

कारण हे सगळे तोटे कोरड्या हवेतल्या टेस्टमध्ये मोजलेले असतात. कोरड्या हवेत स्टीलला एक मर्यादा असते, त्याखालच्या ताणाला ते कितीही फेरे सोसतं. खाऱ्या पाण्यात ही मर्यादाच नाहीशी होते. ताण कितीही कमी असो, फेरे वाढत गेले की कधी ना कधी ते तुटतं. गंजाचा एक खड्डा थरातल्या चिरेपेक्षा वाईट खाच ठरतो. कोरड्या टेस्टमध्ये हरणारा गॅल्व्हनाइज्ड नमुना ओल्या टेस्टमध्ये उघड्या स्टीलला सहज मागे टाकतो.

विमानाच्या पत्र्यात हा सौदा फार पूर्वी झाला. १९२७ मध्ये आलेल्या अल्क्लॅड पत्र्यात ताकदवान मिश्रधातूच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे फटीगची चीर त्यात लवकर सुरू होते. तरीही ते स्वीकारलं गेलं, कारण खालचा मिश्रधातू गंजला, तर प्रकरण त्याहून वाईट होतं.

शॉट पीनिंग कोटिंगआधी करायचं की नंतर?

आधी. छोट्या गोळ्यांच्या माऱ्याने धातूच्या पृष्ठभागात दाबाचा ताण बसतो. मग वरचा थर तडकला तरी चीर धातूत शिरताना अडते. ठिसूळ थरावर नंतर मारा केलात, तर थरच फुटेल.

फक्त एक लक्षात ठेवा. हा दाब उष्णतेने ओसरतो. स्टीलमध्ये तो साधारण २३० अंशांपर्यंत टिकतो, म्हणून हायड्रोजनचं बेकिंग चालतं. ॲल्युमिनियममध्ये १०० अंशांच्या आसपासच तो ढिला पडायला लागतो. पीन केलेल्या ॲल्युमिनियमवर पावडर कोटिंग म्हणजे केलेल्या कामावर पाणी.

टेस्टिंगला नमुने देताना काय सांभाळायचं?

नमुना मूळ धातूचा आणि कोटिंग दुसऱ्याच बॅचचं, असं करू नका. तीन गट द्या: उघडा धातू, कोटिंग केलेला, आणि कोटिंगची सगळी धुलाई व भट्टी सोसलेला पण थर न चढवलेला. हा तिसरा गट लोक खर्च वाचवायला गाळतात, आणि दोष थराचा की प्रक्रियेचा हे फक्त तोच सांगतो.

ताणाचा हिशेब कोणत्या जाडीवर केला, थरासकट की थराविना, तेही लिहून द्या. पकडीची पुल-ऑफ टेस्ट (थराला गोंदाने तुकडा चिकटवून ओढणं) करत असाल, तर गोंद साधारण ७०-८० मेगापास्कललाच सुटतो. त्यापुढे रिपोर्टवर दिसतो तो आकडा गोंदाचा असतो, कोटिंगचा नव्हे.

जुनं कोटिंग काढून नवं चढवलं तर चालतं का?

चालतं, पण प्रत्येक फेरीचा हिशेब ठेवा. झिंक ॲसिडमध्ये उतरवलं की हायड्रोजन पुन्हा आत जातो, त्यामुळे कठीण स्टीलला बेकिंग पुन्हा लागतं. हार्ड ॲनोडायझिंग उतरवलं की आत शिरलेला अर्धा थर धातूसकट जातो. ५० मायक्रॉनचा थर असेल, तर प्रत्येक बाजूला २५ मायक्रॉन गेले आणि बोअर ५० मायक्रॉनने मोठा झाला. नवा ५० मायक्रॉनचा थर चढवून माप परत येत नाही, कारण त्यातलाही अर्धाच बाहेर वाढतो आणि मूळ उघड्या धातूच्या मापावर येऊन थांबतो. दुरुस्तीला आलेला पार्ट आधी किती वेळा उतरवलाय ते पार्टवर लिहिलेलं नसतं. मायक्रोमीटर लावून बघा.